नकाराचे दोन आवाज : लॉस एंजेलिसच्या रेल्वे-कराचा इतिहास वाचताना

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला मुंबईची शेवटची ट्राम गेली. त्या रात्रीच्या गर्दीचे वर्णन आपल्या आठवणीपर लेखनात वारंवार येते. बरोबर एक वर्ष आधी, ३१ मार्च १९६३ रोजी, पॅसिफिक महासागराच्या काठावरील लॉस एंजेलिस शहरातही शेवटची ट्राम बंद झाली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी या शहराभोवती हजार मैलांहून अधिक लांबीचे विजेच्या गाड्यांचे रूळ पसरलेले होते. पुढे मोटारीने हे सारे जग गिळले. ट्राम गेल्याची हळहळ दोन्ही शहरांनी केली. लॉस एंजेलिसमध्ये मात्र त्या हळहळीला पुढे कराचे रूप आले, आणि त्या कराला झालेल्या विरोधातून एक विलक्षण इतिहास घडला. तो इतिहास वाहतूकतज्ज्ञांचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. पण 'विरोध' हा शब्द कसा वाचावा, हा त्यातला मूळ प्रश्न आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही.

प्रथम कराची गोष्ट. शहरात पुन्हा रेल्वे आणायची तर पैसा हवा, आणि त्यासाठी जिल्ह्यातील प्रत्येक खरेदीवर विक्रीकर बसवावा, ही कल्पना १९६८, १९७४ आणि १९७६ अशी तीनदा मतदारांपुढे गेली आणि तिन्ही वेळा फेटाळली गेली. त्यानंतर जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात 'प्रपोझिशन १३' मंजूर झाले. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्यांबरोबर घरपट्टीही वाढत होती. हॉवर्ड जार्व्हिस यांच्या नेतृत्वाखाली घरमालकांनी मालमत्ता-कराला घटनात्मक मर्यादा घालून घेतली, आणि यापुढे स्थानिक संस्थांना 'विशेष कर' बसवायचा तर दोन-तृतीयांश मते मिळवावी लागतील, अशी अटही घातली. अमेरिकेतील करविरोधाचा इतिहास लिहिणारे बहुधा या घटनेपासून आरंभ करतात. त्यामुळे करविरोधक म्हटले की घर असलेला, मोटार असलेला, 'माझा पैसा सरकारने का घ्यावा' असे विचारणारा मध्यमवर्गीय डोळ्यांपुढे येतो.

हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे.

नोव्हेंबर १९८० मध्ये जिल्हा-पर्यवेक्षक केनेथ हान यांच्या पुढाकाराने 'प्रपोझिशन ए' मतदानाला आले. प्रत्येक डॉलरच्या खरेदीवर अर्धा सेंट कर, आणि त्या बदल्यात दोन आश्वासने : शहरात रेल्वे येईल, आणि पहिली तीन वर्षे बसचे भाडे उतरवले जाईल. सुमारे ५४ टक्के मते अनुकूल पडली. ही मते दोन-तृतीयांश नव्हती, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. हा कर आकारणाऱ्या आयोगाला मालमत्ता-कर लावण्याचा अधिकारच नाही, सबब त्याला 'प्रपोझिशन १३' ची ती अट लागू होत नाही, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. कर सुरू झाला. ८५ सेंटचे बसभाडे ५० सेंटवर आले.

पुढे जे घडले त्याकडे दुर्लक्ष करून या इतिहासाचे कोणतेही वाचन पुरे होत नाही. त्या तीन वर्षांत बसप्रवाशांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. नवे रूळ नव्हते, बोगदे नव्हते, फक्त तिकीट स्वस्त झाले होते. मात्र मुदत संपताच, १९८५ मध्ये, भाडे पुन्हा वाढले, कराचा पैसा ठरल्याप्रमाणे रेल्वेकडे वळला, आणि प्रवासी घटू लागले. म्हणजे १९८५ सालीच शहरापुढे दोन वाटा स्पष्ट झालेल्या होत्या. एक वाट दिसायला साधी होती : जुन्या बसगाड्या, कमी भाडे, जास्त फेऱ्या. दुसरी देखणी होती.

देखणेपणाचे सामर्थ्य कमी लेखू नये. जोनाथन रिचमंड यांनी 'ट्रान्सपोर्ट ऑफ डिलाइट' (२००५) या ग्रंथात लॉस एंजेलिसच्या रेल्वेप्रेमाचा अभ्यास मिथकाचा अभ्यास म्हणून केला आहे. निर्णय घेणाऱ्यांच्या मुलाखतींतून त्यांना हिशेबापेक्षा प्रतिमा अधिक सापडल्या. शहर म्हणजे देह, रस्ते म्हणजे तुंबलेल्या रक्तवाहिन्या, आणि रेल्वे म्हणजे त्यांवरचा उपचार. त्यात लहानपणी पाहिलेल्या लाल ट्रामगाड्यांची आठवण मिसळली, आणि इतर मोठ्या शहरांकडे आहे ते आपल्याकडे नाही ही सलही. रूपक एकदा मनात रुजले की आकडे त्याच्या सेवेला येतात, हे आपण काव्यशास्त्राच्या तासाला शिकवतो. अर्थसंकल्पातही तेच घडते.

१४ जुलै १९९० रोजी लॉस एंजेलिस ते लाँग बीच या २२ मैलांच्या मार्गावर लाइट रेल धावू लागली. लाइट रेल म्हणजे ट्रामचीच आधुनिक पुतणी : विजेवर चालणारी, काही ठिकाणी रस्त्यातून तर काही ठिकाणी स्वतंत्र रुळांवरून जाणारी. १९६१ मध्ये याच दिशेची जुनी विजेची गाडी बंद पडली होती, त्यामुळे या उद्घाटनाला पुनरागमनाचा रंग होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी अगदी काठावरच्या बहुमताने आणखी अर्ध्या सेंटचा कर मंजूर केला. १९९३ मध्ये भुयारी रेल्वेचा पहिला छोटा टप्पा उघडला, आणि जुन्या संस्था एकत्र करून महानगर वाहतूक प्राधिकरण स्थापन झाले.

आता १९९४ चा जुलै महिना. तुटीचे कारण देऊन प्राधिकरणाच्या संचालक मंडळाने बसचे भाडे १ डॉलर १० सेंटवरून १ डॉलर ३५ सेंट करण्याचे ठरवले, आणि ४२ डॉलरचा मासिक पासही रद्द केला. दिवसातून तीन-चार बस बदलणाऱ्या घरकामगार बाईला, शिवणकामाच्या कारखान्यातील मजुराला, हॉटेलात रात्रपाळी करणाऱ्याला हा पास म्हणजे शहराचे दार होते. त्याच महिन्यात त्याच मंडळाने पॅसाडेनाच्या लाइट रेलसाठी १२ कोटी ३० लाख डॉलर मंजूर केले. तूट भरून काढायची ती बसच्या प्रवाशाकडून, आणि पैसा आहे तो रेल्वेसाठी!

या वेळी विरोधाला उभा राहिला तो जार्व्हिस यांचा घरमालक नव्हता. एरिक मान यांच्या 'लेबर/कम्युनिटी स्ट्रॅटेजी सेंटर'ने बसप्रवाशांची संघटना बांधायला घेतली होती. तिचे नाव 'बस रायडर्स युनियन', आणि स्पॅनिशमध्ये 'सिंदिकातो दे पासाहेरोस'. आपल्याकडे उपनगरी गाड्यांचे प्रवासी संघ असल्यामुळे 'प्रवासी संघ' हा शब्द कानाला ओळखीचा वाटतो. परंतु 'युनियन' हा शब्द मुळात कामगारांचा. मजुरी घेणाऱ्यांचा शब्द भाडे देणाऱ्यांनी उचलला, तेव्हा बसची धावती जागा कारखान्यासारखी संघटनेची जागा झाली. सभा बसमध्येच होत. इंग्रजी, स्पॅनिश आणि कोरियन भाषांतून पत्रके वाटली जात. हॅस्केल वेक्स्लर यांनी या संघटनेवर केलेला माहितीपट (२०००) ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही भाषांची सरमिसळ आठवेल.

संघटना आणि तिच्या सहकारी संस्था फेडरल न्यायालयात गेल्या. आधार घेतला तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाचा : सरकारी पैसा घेणाऱ्या योजनेत वंशावरून भेदभाव करता येणार नाही. वादींची मांडणी अशी की, प्राधिकरणाचे ९४ टक्के प्रवासी बसने जातात, त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई वंशाचे गरीब आहेत, आणि पैशाचा मोठा वाटा मात्र अल्पसंख्य रेल्वेप्रवाशांवर जातो. न्यायाधीश टेरी हॅटर यांनी सप्टेंबरच्या आरंभीच भाडेवाढीला तात्पुरती स्थगिती दिली. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९६ मध्ये, खटला दहा वर्षे मुदतीच्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने मिटला. मासिक पास ४२ डॉलरला परत आला, ११ डॉलरचा साप्ताहिक पास आला, आणि गर्दीच्या वेळी बसमध्ये सरासरी किती माणसे उभी असावीत याची मर्यादा ठरली : आधी १५, आणि २००२ पर्यंत ८. उभ्या प्रवाशांची संख्या न्यायालयीन दस्तऐवजात न्यायाचे माप म्हणून नोंदली जावी, ही घटना लक्षणीय आहे. पुढे एडवर्ड सोजा यांनी 'सीकिंग स्पेशिअल जस्टिस' (२०१०) या ग्रंथाचा आरंभ याच निकालापासून केला.

या विरोधाचा युक्तिवाद नीट ऐकला पाहिजे. 'कर देणार नाही' असे बसप्रवासी म्हणत नव्हते. ते कर देतच होते. विक्रीकराचा स्वभावच असा की, मिळकतीतला बहुतेक पैसा रोजच्या खरेदीत खर्च करणाऱ्या गरिबावर त्याचा भार प्रमाणाने अधिक पडतो. म्हणजे गरिबाने साबण-कपड्यांवर कर दिला, बसमध्ये भाडे दिले, आणि दोन्ही पैशांतून उभी राहिलेली गाडी पाहिली ती उभ्याने प्रवास करत, बसच्या खिडकीतून. घरमालकाचा नकार 'माझे आहे ते घेऊ नका' असा होता. बसप्रवाशाचा नकार 'घेतले त्याचा हिशेब द्या' असा होता. मतपत्रिकेवर दोघांनाही एकच शब्द उपलब्ध असतो : 'नाही'. इतिहास मते मोजतो तेव्हा हे दोन आवाज एकमेकांत मिसळून जातात.

या मिसळण्याची किंमतही मोजावी लागते. भुयारी रेल्वेच्या खर्चाने आणि अपघातांनी शहर वैतागले असता, १९९८ मध्ये पर्यवेक्षक झेव्ह यारोस्लाव्स्की यांनी एक प्रस्ताव आणला : विक्रीकराचा पैसा यापुढे नव्या भुयारी रेल्वेवर खर्च करता येणार नाही. सुमारे ६८ टक्के मतांनी तो मंजूर झाला. बसच्या बाजूने पाहता हा विजयच वाटावा. पण भुयारी रेल्वेची वाट पाहणाऱ्यांत पूर्व लॉस एंजेलिसच्या लॅटिनो वस्त्याही होत्या. त्यांना ती मिळाली नाही. २००९ मध्ये त्यांच्याकडे लाइट रेल आली, मुख्यतः रस्त्यावरून धावणारी.

हुकूमनाम्याची मुदत २००६ मध्ये संपली आणि पुढच्याच वर्षी पासांचे दर वाढले. २००८ मध्ये 'मेझर आर' हा आणखी अर्ध्या सेंटचा कर ६७.९ टक्के मतांनी, म्हणजे दोन-तृतीयांशाची रेषा जेमतेम ओलांडून, मंजूर झाला. बस रायडर्स युनियनने त्याला विरोध केला होता. २०१२ मध्ये त्याच कराची मुदत वाढवणारे 'मेझर जे' आले. या वेळी बसप्रवाशांच्या बाजूने कोण उभे होते? बेव्हर्ली हिल्स! आपल्या शाळेखालून भुयारी रेल्वे जाऊ नये, म्हणून अमेरिकेतील एका अतिश्रीमंत वस्तीतील रहिवासीही 'नाही' म्हणत होते. ६६.१ टक्के मते मिळूनही 'मेझर जे' अर्ध्या टक्क्याने पडले. त्या अर्ध्या टक्क्यात कोणाचा 'नाही' किती होता, हे कोणता आकडा सांगणार? २०१६ मध्ये 'मेझर एम' ७१ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाले आणि प्रश्न, निदान मतपेटीपुरता, मिटला.

बसप्रवाशांची बाजू मांडताना एक गोष्ट दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. रेल्वे श्रीमंतांची आणि बस गरिबांची, ही विभागणी लाँग बीचच्या मार्गाला कधीच लागू पडली नाही. तो वॉट्स आणि कॉम्प्टनमधून जातो, आणि त्यावर गर्दी केली ती याच वस्त्यांतील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कामकऱ्यांनी. म्हणजे चूक रुळांची नव्हती. ज्याच्या खिशातून पैसा येतो त्याला न विचारता, त्याची जुनी सोय मोडून नवी उभारणे, ही चूक होती. युनियनच्या घोषणांत हा फरक नेहमीच स्पष्ट राहिला असे म्हणता येणार नाही. घोषणेला फरक परवडत नाहीत. इतिहासकाराला मात्र ते परवडायलाच हवेत.

जून २०२३ मध्ये शहराच्या मध्यभागी एक नवा बोगदा उघडला, आणि लाँग बीचची लाइट रेल पॅसाडेनाच्या लाइट रेलला जोडली गेली. १९९४ च्या त्या जुलैमध्ये ज्या मार्गाच्या पैशावरून भांडण पेटले, तो आणि कॉम्प्टनच्या कामकऱ्यांनी भरलेला मार्ग, दोन्ही मिळून आता एकच 'ए लाइन' झाली आहे. एका तिकिटात माणूस एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. त्या गाडीत बसून हा इतिहास सुखान्त आहे असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु ती गाडी ज्यांच्या भाड्यातून आणि करातून उभी राहिली, त्यांपैकी कित्येक अजून बसथांब्यावर उभे आहेत. त्यांचा 'नाही' प्रगतीला केलेला विरोध म्हणून नोंदवायचा, की हिशेबाची मागणी म्हणून वाचायचा, हे शेवटी वाचणाऱ्याने ठरवायचे आहे. मतमोजणीच्या तक्त्यात त्यासाठी वेगळा रकाना नसतो.