क्रॅपीसाठी क्रँकबेट ट्रोलिंग

क्रॅपीसाठी क्रँकबेट ट्रोलिंग ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गोड्या पाण्याच्या तलावांत व जलाशयांत प्रचलित असलेली हौशी मासेमारीची एक पद्धत आहे. तीत चालत्या होडीच्या मागे क्रँकबेट नावाची कृत्रिम आमिषे लांब दोऱ्यांवर ओढली जातात. क्रॅपी उथळ किनारा सोडून खुल्या पाण्यात विखुरतात तेव्हा, म्हणजे प्रामुख्याने उन्हाळ्यात, ही पद्धत वापरली जाते. तिचे यश मुख्यतः आमिष किती खोलीवर चालते यावर अवलंबून असते.

क्रॅपी मासा

क्रॅपी हा पोमॉक्सिस प्रजातीतील मासा असून सेंट्रार्किडी कुळात त्याचा समावेश होतो. त्याच्या पांढरा क्रॅपी व काळा क्रॅपी अशा दोन जाती आहेत. पांढऱ्या क्रॅपीच्या अंगावर उभे पट्टे असतात व पाठीच्या परावर साधारणतः ५ ते ६ काटे असतात. काळ्या क्रॅपीच्या अंगावर विस्कळीत ठिपके असतात व काट्यांची संख्या ७ ते ८ असते. गढूळ पाण्यात पांढरा क्रॅपी अधिक चांगला तग धरतो. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम ५ पौंड ३ औंस (सुमारे २.३५ किलोग्रॅम) असून तो मासा १९५७ मध्ये मिसिसिपी राज्यातील एनिड येथे पकडला गेला.

मिसिसिपीच्या उत्तर भागातील सार्डिस (१९४०), अर्काबुटला (१९४३), एनिड (१९५२) व ग्रेनाडा (१९५४) हे पूरनियंत्रणासाठी बांधलेले जलाशय क्रॅपीच्या मासेमारीसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे उन्हाळ्यात क्रँकबेट ट्रोलिंग मोठ्या प्रमाणावर केले जाते.

खोलीचे महत्त्व

वसंत ऋतूत क्रॅपी उथळ पाण्यात अंडी घालतात व नर घरट्याची राखण करतात. त्यानंतर ते शॅड या लहान माशांच्या थव्यांमागे खुल्या पाण्यात जातात. उन्हाळ्यात अनेक तलावांतील पाण्याचे थर पडतात. वर उबदार व प्राणवायुयुक्त पाणी, तर तळाशी थंड पाणी असते. या दोहोंमध्ये तापमान झपाट्याने उतरणारा थर असतो. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. सुपीक तलावांत या थराखालील प्राणवायू उन्हाळ्यात बराच घटतो आणि मासे तेथे थांबत नाहीत. त्यामुळे तळ ४० फुटांवर असला तरी मासे मधल्याच एखाद्या पट्ट्यात असू शकतात.

क्रॅपी सहसा आपल्या पातळीवरील किंवा वरच्या बाजूचे भक्ष्य टिपतो. खाली जाऊन भक्ष्य घेण्याकडे त्याचा कल कमी असतो. म्हणून आमिष माशांच्या पातळीपेक्षा किंचित वर, साधारणतः एक-दोन फूट वर, ठेवले जाते. उदाहरणार्थ, मासे १४ फुटांवर दिसत असतील तर आमिष १२ ते १३ फुटांवर चालवणे इष्ट ठरते. तेच आमिष १७ फुटांवर गेल्यास ते माशांच्या खालून निघून जाते.

खोली ठरवणारे घटक

क्रँकबेट हे लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे, लहान माशाच्या आकाराचे आमिष असते. त्याच्या तोंडाशी असलेल्या पात्यावर पाण्याचा दाब पडून ते खाली सूर मारते. बहुतेक क्रँकबेट तरंगणारी असल्याने होडी थांबली की ती वर येतात. त्यांची खोली पुढील गोष्टींवर ठरते.

* पाते : पाते जितके लांब व आडवे, तितके आमिष खोल जाते.
* दोऱ्याची लांबी : दोरा जास्त सोडल्यास आमिष खोल जाते. मात्र एका मर्यादेनंतर दोऱ्यावरचा पाण्याचा रोध वाढतो आणि आणखी दोरा सोडूनही खोली फारशी वाढत नाही.
* दोऱ्याची जाडी : बारीक दोऱ्याला पाण्याचा रोध कमी होतो, त्यामुळे आमिष अधिक खोल जाते. दोऱ्याची जाडी बदलल्यास आधीची मोजमापे लागू पडत नाहीत.
* वेग : नेहमीचा वेग ताशी १.५ ते २ मैल (सुमारे २.४ ते ३.२ किलोमीटर) असतो. तरंगणाऱ्या क्रँकबेटच्या खोलीवर या मर्यादेत वेगाचा परिणाम थोडाच होतो. शिशाची तार असलेला दोरा किंवा वजन जोडले असल्यास मात्र वेग वाढताच आमिष वर येते.

वेष्टनावर छापलेली खोली बहुधा आमिष फेकून ओढण्यासाठी असते. ट्रोलिंगमध्ये दोरा बराच लांब असल्याने तेच आमिष त्याहून खोल जाऊ शकते.

पद्धत

प्रथम फिश फाइंडरवर शॅडचे थवे व क्रॅपी किती खोलीवर आहेत हे पाहिले जाते. नंतर मोजणी-यंत्र असलेल्या रिळांवरून प्रत्येक काठीचा दोरा ठरावीक लांबीपर्यंत सोडतात. सुरुवातीला प्रत्येक काठीवर वेगळी लांबी ठेवतात. ज्या लांबीवर मासे लागतात, ती इतर काठ्यांवरही लावली जाते.

खोली पडताळण्यासाठी हळूहळू उथळ होत जाणाऱ्या सपाट तळावरून आमिष ओढतात. ते तळाला घासू लागले की काठीचे टोक ठळकपणे थरथरते. त्या ठिकाणच्या पाण्याची खोली हीच आमिषाची खोली होय. आमिष होडीच्या बरेच मागे असल्याने होडीखालची नव्हे, तर आमिष असलेल्या जागेची खोली धरावी लागते.

होडी वळताना बाहेरच्या बाजूची आमिषे वेगाने, तर आतल्या बाजूची संथ चालतात. एकाच बाजूला वारंवार मासे लागल्यास वेग वाढवावा की कमी करावा याचा अंदाज येतो.

क्रॅपीच्या तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ असते. त्यामुळे लवचीक काठी वापरून रिळाचा ताण सैल ठेवतात. मासा लागल्यावर झटका न देता दोरा एकसारखा गुंडाळला जातो.

संवर्धन

खोल पाण्यातून वेगाने वर आणलेल्या माशाचा वाताशय दाब कमी झाल्याने फुगतो. असा मासा परत सोडला तरी त्याला पुन्हा खाली जाणे कठीण होते. पृष्ठभागावरील गरम पाण्यामुळे उन्हाळ्यात त्याच्या मृत्यूची शक्यता आणखी वाढते. आकारमर्यादेखालील मासे सोडून देणे बंधनकारक असलेल्या जलाशयांत ही बाब महत्त्वाची ठरते, कारण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. लहान मासेच लागत असल्यास जागा किंवा खोली बदलणे हा त्यावरील एक उपाय आहे. काठ्यांची संख्या, माशांची दैनिक मर्यादा व किमान लांबी यांविषयीचे नियम राज्यानुसार, तसेच काही वेळा जलाशयानुसार वेगळे असतात.