उशाशी कोण बसणार?

मे १८३२. एडिनबरोला लागून असलेलं लीथ बंदर. तुम्ही खोलीच्या कोपऱ्यात उभे आहात. खाटेवर एक म्हातारी. पटकीनं तिचे डोळे खोल गेलेत, जबडा सैल पडलाय, नाडी हाताला लागत नाही.

डॉ. थॉमस लॅटा तिच्या हाताच्या शिरेत नळी सरकवतात आणि मीठ-सोड्याचं पाणी सोडू लागतात. पटकीत रक्तातलं पाणी आणि क्षार निघून जातात, हे २२ वर्षांच्या विल्यम ओ'शॉनेसीनं नुकतंच दाखवून दिलंय. बराच वेळ काहीच होत नाही. मग गालांवर रंग चढतो, मनगटात नाडी लागते. अर्ध्या तासात सहा पाइंट, सुमारे तीन लिटर! म्हातारी चक्क थट्टा करते, आता जराशी झोप मिळाली की झालं म्हणते. लॅटा निघून जातात.

तुम्ही थांबता. उलट्या-जुलाब पुन्हा सुरू होतात. लॅटांना कुणी कळवत नाही आणि तुम्हाला हाक मारायची मुभा नाही. साडेपाच तासांत सगळं संपतं.

आता आपल्या काळात या. उशाशी आता यंत्र बसलंय. ब्रसेल्स, एरास्म रुग्णालय, पोटाचं मोठं ऑपरेशन. सलाइनच्या नळीवर पंप आणि किती सलाइन सोडायचं ते ठरवणारा, पंपाला जोडलेला संगणक. अमेरिकेत जोसेफ राइनहार्ट यांनी घडवलेली ही पद्धत इथे अलेक्झांद्र योस्टेन यांनी १६० रुग्णांवर वापरली; तो अभ्यास २०१८ मध्ये छापून आला.

आपल्याकडे 'डॉक्टर, एक बाटली लावाच' म्हणणाऱ्यांना पटणार नाही, पण सलाइन जास्त झालं तर फुप्फुसं आणि आतडी सुजतात. कमी पडलं तर मूत्रपिंडं रुसतात. मॉनिटरकडे बघा. हृदय दर ठोक्याला किती रक्त फेकतं, तो आकडा व्हेंटिलेटरच्या श्वासागणिक डोलतोय. फार डोलला म्हणजे शिरांत पाणी कमी असावं. संगणक १०० मिलिलिटर सोडतो आणि वाट बघतो. आकडा वाढला? पुन्हा १००. नाही वाढला? थांबतो. हे तासन् तास, न कंटाळता. चहाला उठून जाणं त्याला ठाऊक नाही.

तेवढ्यात आकडा कोसळतो. पंप पुढचे १०० सोडायच्या बेतात. भूलतज्ज्ञ बाई मात्र पडद्याकडे न बघता ऑपरेशनच्या जागेकडे बघतात. सर्जनच्या हाताखाली पोटातली मोठी नीला दबलीय. पाणी कमी पडलेलंच नाही. यंत्राला हात दिसत नाही.

त्या पंप थांबवतात.

"सर, हात जरा सैल करा."

आकडा वर येतो.