राजापूर लोकसभा मतदारसंघ

रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि मालवण-वेंगुर्ल्याची किनारपट्टी यांचे प्रतिनिधित्व करणारा, आता रद्द झालेला मतदारसंघ. नाव राजापूरचे असले तरी त्याचा बराचसा मुलूख 1981 साली स्वतंत्र झालेल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात होता. प्रजासमाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै, मूळचे वेंगुर्ल्याचे, 1957, 1962 आणि 1967 मध्ये येथून निवडून आले. संसदेला घटनादुरुस्तीचा अधिकार आहे, हे स्पष्ट करणारे त्यांचे खासगी विधेयक देशभर गाजले.

जानेवारी 1971 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर प्रा. मधु दंडवते सलग पाच वेळा विजयी झाले. रेल्वेमंत्री असताना (1977–79) त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील उघड्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवला. सामान्य प्रवाशाच्या पाठीचा एवढा विचार क्वचितच कोणी केला असेल. कोकण रेल्वेसाठीही ते अखंड झटले.

1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी त्यांचा पराभव केला. 1996 ते 2009 शिवसेनेचे सुरेश प्रभू खासदार होते. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर 2009 पासून येथील मतदार रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात मतदान करतात.