लेंट

ख्रिस्ती धर्मातील ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाल. ‘लेंट’ हा शब्द वसंत ऋतू या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला. पाश्चात्त्य चर्चमध्ये राखेच्या बुधवारी त्याचा आरंभ होतो. मधले रविवार उपवासात मोजत नाहीत.

अन्नत्यागाचा काल म्हणूनच तो सामान्यतः ओळखला जातो. तथापि बाप्तिस्म्याच्या पूर्वतयारीचा संदर्भ सोडल्यास त्याचे स्वरूप नीट ध्यानात येत नाही. दुसऱ्या शतकात ईस्टरपूर्वीचा उपवास बहुधा एकदोन दिवसांचा असे. चाळीस दिवसांचा उल्लेख निसीया येथील धर्मपरिषदेच्या (३२५) पाचव्या नियमात येतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस यरुशलेमची यात्रा केलेल्या एगेरिया या स्त्रीने तेथील प्रथेचे प्रत्यक्षदर्शी वर्णन लिहून ठेवले आहे. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्यांची नावे बिशप स्वतः नोंदवी. उमेदवार आईवडिलांचा मान राखतो का, मद्यपी तर नाही ना, अशी विचारपूस तो शेजाऱ्यांकडे करी. त्यानंतर रोज तीन तास धर्मशिक्षण चाले. ईस्टरच्या रात्री उमेदवार पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा त्याग करीत, मग पूर्वेकडे वळून श्रद्धा उच्चारीत व पाण्यातून बाहेर आल्यावर शुभ्र वस्त्रे धारण करीत. जुन्या माणसाचे मरण आणि नव्या जीवनाचा जन्म, असा या विधीचा अर्थ होता. संत ऑगस्टीन यांनी ३८७ च्या ईस्टरला मिलान येथे बिशप अँब्रोझ यांच्या हस्ते पुत्र आदेओदातुस व मित्र आलिपियुस यांच्यासह बाप्तिस्मा घेतला. लहानपणी आजारात ठरलेला त्यांचा बाप्तिस्मा बरे वाटताच लांबणीवर पडला होता.

अशी दिरंगाई अपवादात्मक नव्हती. बाप्तिस्म्यानंतरच्या गंभीर पापांसाठी जाहीर प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच घेता येई. त्यामुळे अनेक जण मृत्युशय्येपर्यंत थांबत. सम्राट कॉन्स्टंटीन (मृ. ३३७) यांचा बाप्तिस्माही तेव्हाच झाला. पतितांच्या आशेचा मार्ग असा अरुंद होता. तोही याच कालातून जाई : प्रायश्चित्त पुरे केलेल्यांना रोममध्ये ईस्टरपूर्वीच्या गुरुवारी पुन्हा मंडळीत घेत.

बालबाप्तिस्मा रूढ झाल्यावर प्रौढ उमेदवार विरळ झाले आणि उपवासाचे नियम तेवढे ठळक राहिले. १५२२ मध्ये झुरिक येथे मुद्रक फ्रोशाउअर यांच्या घरी या कालात सॉसेज खाल्ले गेले. त्स्विंग्ली यांनी त्याचे जाहीर समर्थन केले व तेथील धर्मसुधारणेला त्यातून चालना मिळाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लेंटच्या बाप्तिस्माविषयक अंगाला पुन्हा महत्त्व दिले. १९७२ च्या प्रौढ दीक्षाविधीनुसार उमेदवारांची नावनोंदणी सामान्यतः लेंटच्या पहिल्या रविवारी होते.