माचितोची बहीण की ग्रासिएला?

लॅटिन जॅझचा इतिहास वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. ग्रासिएला पेरेझ ही गायिका त्यात येते ती माचितोची बहीण म्हणून. वस्तुस्थिती अशी की, माचितोचा वाद्यवृंद न्यूयॉर्कात १९४० साली उभा राहिला, त्याआधीच ग्रासिएलाचे गाणे पॅरिसने ऐकले होते.

तिचा जन्म १९१५ चा, हवानातला. माचितोच्या आईवडिलांनी तिला आपली म्हणून वाढवले. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली १८८६ साली. म्हणजे तिच्या जन्माआधी तीस वर्षेही झाली नव्हती. कायद्याने संपलेली गोष्ट व्यवहारात किती काळ जिवंत राहते, हे या नियतकालिकाच्या वाचकांना मी काय सांगावे? हवानातल्या श्रीमंत गोऱ्यांच्या क्लबांत काळ्यांना सभासदत्व नव्हते.

ग्रासिएला पुढे आली ती आनाकाओना या वाद्यवृंदातून. १९३२ साली कोन्सेप्सिओन कास्त्रो या तरुणीने बहिणींना हाताशी धरून तो उभारला. सरकारने विद्यापीठ बंद पाडले, शिक्षण तुटले, तेव्हा या पोरीने वाद्य उचलले. सगळ्या बायाच. आणि नाव कोणाचे घेतले? स्पॅनिश आक्रमकांनी फासावर चढवलेल्या मूलनिवासी राणीचे. या वृंदाबरोबर ग्रासिएला न्यूयॉर्क आणि पॅरिसला गाऊन आली.

१९४३ साली माचितोला अमेरिकन लष्करात जावे लागले. वृंदाचा संगीत-दिग्दर्शक, माचितोचा मेव्हणा मारिओ बाउसा, याने ग्रासिएलाला हवानाहून बोलावून घेतले. माचितो काही महिन्यांतच परतला. पण बदली म्हणून आलेली बाई तिथे बत्तीस वर्षे गायली!

वृंदाचे नाव होते ‘आफ्रो-क्यूबन्स’. गोऱ्या गिऱ्हाइकाला रुचेल असे गुळगुळीत नाव घेता आले असते. यांनी आफ्रिका पाटीवर लिहिली. अशा नावाचे मोल आपल्याला ठाऊक आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही काळ्या अमेरिकेच्या लढ्याकडे पाहूनच ठेवले होते. आणि ‘आफ्रो’ हा शब्द डोक्यावर घेऊन, हातात क्लावेच्या दोन लाकडी दांड्या धरून, ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम नाचघरात उभी राहत होती एक काळी स्त्री. समोर काळे, गोरे, पोर्तोरिकन, ज्यू एकाच फरशीवर नाचत होते.

तिची ‘सी सी, नो नो’ आणि ‘आय होसे’ ही गाणी द्व्यर्थी. मला स्पॅनिश येत नाही. अर्थ विचारून घ्यावा लागला. तिच्या आवाजातला खट्याळपणा मात्र विचारावा लागला नाही. अशी गाणी चावट म्हणून बाजूला सारणाऱ्या समीक्षकाविषयी मला शंका येते. बाईने आपल्या इच्छेविषयी स्वतःच्या तोंडाने, तेही हसत बोलावे, हेच त्याला सोसत नसावे. पुरुष गायकाला हा नियम कोण लावतो?

१९७५ साली मतभेद होऊन ती आणि बाउसा माचितोपासून वेगळे झाले. माचितो १९८४ साली गेला, बाउसा १९९३ साली. ती गात राहिली. २००४ मध्ये तालवादक कांदिदोबरोबर तिची ‘इनोल्विदाब्ले’ ही ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा ती नव्वदीला टेकली होती. २०१० साली न्यूयॉर्कात तिचे निधन झाले.