पानसुपारीचं लग्न आणि आमची नऊ पानी यादी

आजचा भाग भुसावळहून, आमच्या गच्चीवरून रेकॉर्ड केलाय. मधूनमधून मालगाडीचा आवाज येईल. तो काढायला गेलो तर माझाही आवाज जातो, म्हणून राहू दिलाय.

विषय लग्न. माझंच.

मागच्या रविवारी आमची यादी झाली. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: दोन्हीकडची मोठी माणसं समोरासमोर बसतात आणि बस्ता कुणी बांधायचा, मानपान किती, मांडव कुणाचा, जानोसा कुठे, पंगतीला काय, हे सगळं कागदावर उतरवतात. आमची बैठक चार तास चालली, नऊ पानं झाली. त्यातला सव्वा तास एकाच प्रश्नावर गेला: वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी पंगतीत वाढायची की बुफे ठेवायचा. शेवटी मामा म्हणाले, "बुफे ठेवला तं लोकं काय म्हनतीन?" आणि विषय संपला.

जिच्याशी माझं लग्न आहे ती समोरच्या सतरंजीवर बसली होती. चार तासांत तिला एक प्रश्न विचारला गेला, शालूचा रंग कोणता. मला तेवढाही नाही. तिच्या वडिलांची केळीची बाग आहे आणि यंदा भावाने काय केलंय ते आपल्याला माहितीये. माझे वडील रेल्वेतून रिटायर झाले, त्यांच्या फंडाच्या पैशांचा आकडा त्यांनी स्वतःच त्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला मी पाहिला. नंतर खोडला. पण पाहिला.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी १८७३ सालात गेलो. इतिहासाचा पॉडकास्ट करणाऱ्याला दुसरं काय सुचणार!

२४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यानंतर तीन महिन्यांतच, २५ डिसेंबरला, समाजाच्या पद्धतीने पहिलं लग्न लागलं. नवरा सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा. राधाची आई, बजूबाई निंबणकर, ही सावित्रीबाईंची मैत्रीण. भटजी नाही, हुंडा नाही. खर्च जवळपास फक्त पानसुपारीचा. आपण पंगत की बुफे यावर सव्वा तास घालवतो, आणि तिथे अख्खं लग्न पानसुपारीत!

पण हे ऐकून 'वा, किती सोप्पं' असं म्हणू नका. मीही आधी तेच म्हणालो होतो.

पुढच्याच वर्षी, ७ मे १८७४ ला, दुसरं लग्न झालं, हडपसरच्या ग्यानबा कृष्णाजी ससाणे यांचं. या लग्नाला विरोध झाला. म्हणजे बघा, पैशाचा ताण गेला, पण नात्यागोत्याचा आला. भटजी नाही तर लग्न लागलंच नाही असं गाव म्हणणार, उद्या मुलाबाळांच्या सोयरिकी अडणार, ही भीती त्या काळात पोकळ नव्हती. साधं लग्न स्वस्त होतं, पण ते करायला जी हिंमत लागायची ती उधार मिळत नव्हती.

जुन्नरजवळच्या ओतूरला तर प्रकरण कोर्टात गेलं. बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरचं लग्न सत्यशोधक पद्धतीने लावलं. गावच्या जोश्यांनी दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की जोशीपण आमचं वतन आहे, तुम्ही बोलवा किंवा नका बोलवू, दक्षिणा आमच्या हक्काची. हे प्रकरण थेट मुंबई हायकोर्टापर्यंत पोचलं आणि निकाल पाटलांच्या बाजूने लागला. एका घरच्या लग्नात कुणाला बोलवायचं नाही, एवढं ठरवायला हायकोर्ट लागलं. यापुढे आमच्या मामांचा राग मला जरा हलकाच वाटतो.

आता एक प्रश्न पडतो. सरकारी रस्ता तेव्हा नव्हता का? होता. १८७२ चा विशेष विवाह कायदा, बंगालमधल्या ब्राह्मो समाजाच्या, विशेषतः केशवचंद्र सेन यांच्या खटपटीतून आलेला. पण त्यात मेख होती. दोघांनी लिहून द्यायचं की आम्ही हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठलाच धर्म मानत नाही. खेड्यातल्या शेतकरी बापाला 'आम्ही हिंदू नाही' असं लिहून द्यायला लावणं, तेही लेकीच्या लग्नात? फुल्यांनी वेगळी वाट काढली. लग्न घरातच, आपल्याच माणसांत, आपल्याच भाषेत. नवरा-नवरीनेच मराठीत एकमेकांना वचन द्यायचं, आणि दोघांना त्याचा अर्थ कळायचा. १८८७ मध्ये मंगलाष्टकांसह सगळे विधी पुस्तकरूपात छापूनही आले. त्या मंगलाष्टकांमध्ये नवरी बोलते. नुसती बोलत नाही, बायकांच्या हक्कांबद्दल नवऱ्याकडून कबुली मागते.

मला इथेच थांबावंसं वाटतं. खर्च कमी झाला ही बातमी आहेच, पण माझ्या मते खरा बदल हा की ज्यांचं लग्न आहे त्यांना त्यात वाक्य मिळालं. आमच्या नऊ पानांत आमचं एकही वाक्य नाही.

आता लग्नानंतरचं, कारण हे कुणी सांगत नाही. ४ फेब्रुवारी १८८९. जोतीराव-सावित्रीबाईंच्या दत्तक मुलाचं, यशवंतचं लग्न. नवरी कोण, तर त्याच ग्यानबा ससाण्यांची मुलगी, राधा. तिला लक्ष्मीही म्हणत. जोतीरावांना आदल्या वर्षी पक्षाघात झाला होता, घरात आजारपण, पैशाची ओढ. अशा घरात सून येणार. सावित्रीबाईंनी काय केलं? लग्नाच्या आधीच राधाला घरी राहायला आणलं, मुलाची आणि तिची ओळख व्हावी म्हणून. आणि तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून घरातली कामं स्वतः केली. होणाऱ्या सुनेच्या अभ्यासासाठी सासू भांडी घासते, साल १८८९. मी हे आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण कुकरची शिट्टी झाली तेव्हा मला म्हणाली, "जा, तू बंद कर."

हे सगळं पुण्याकडचं झालं. आपल्याकडे खान्देशात तेव्हा काय चाललं होतं हे बघायचं तर जळगावला खेटून असलेल्या आसोद्याला जा. बहिणाबाई चौधरी १८८० साली तिथे जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. म्हणजे सावित्रीबाईंच्या सुनेनंतर चार-पाच वर्षांनी. एक सून लग्नाआधी घर बघून घेते, दुसरी तेराव्या वर्षी चुलीपुढे आणि शेतात. बहिणाबाईंना ना कुणी शाळेत घातलं ना रंग विचारला. मुलीच्या लग्नासाठी किमान वय चौदा असा कायदा, म्हणजे सारडा कायदा, १९२९ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३० ला लागू झाला. तोवर बहिणाबाई पन्नाशीला आल्या होत्या.

मग आपल्या काळात उडी मारू. एप्रिल २०२१. 'ब्रेक द चेन'चे आदेश आठवतात? लग्नाला पंचवीस माणसं, एकच हॉल, दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. माझ्या चुलतबहिणीचं लग्न त्याच काळात लागलं. काका सकाळी रडले, कारण सख्ख्या मावशीला नाही बोलवता आलं. संध्याकाळी मात्र हिशोबाची वही मिटून म्हणाले की बरं झालं. दोन्ही खरं होतं. त्यांच्या डोक्यावरून 'लोकं काय म्हनतीन' सरकारने उचलून नेलं होतं, कारण त्या वर्षी लोकांना म्हणायला जागाच नव्हती. साथ ओसरली आणि दोन वर्षांत धाकटीच्या लग्नात आठशे पानं उठली. काकांनी कर्ज काढलं.

तर मंगळवारी आम्ही दोघं स्टेशनबाहेर चहाला भेटलो आणि दुसरी यादी केली, एका पानाची. पहिली ओळ तिची: लग्नानंतर सहा महिने ती बी.एड. पूर्ण करणार, स्वयंपाक आम्ही वाटून करणार. दुसरी माझी: दोन्ही घरांनी मिळून किती खर्च, तो आकडा आधी, आणि बाकी सगळं त्या आकड्याच्या आत. बट्टी राहील, पंगतही राहील, कारण खरं सांगू का, मलाही बुफेत बट्टी आवडत नाही. कमी होणार ती माणसं, बँड आणि मानपानाचे कपडे. तिसरी ओळ आहेराची. हुंडाबंदी कायदा १९६१ चा आहे. त्याखाली १९८५ चे नियम आहेत, ज्यांत वधूवरांना मिळालेल्या भेटींची सहीनिशी यादी ठेवायला सांगितलंय. म्हणजे यादीची सवय आपल्याला होतीच, कायदा फक्त कुठली यादी करायची ते सांगतो.

आणि नोंदणी. आजचा विशेष विवाह कायदा १९५४ चा, त्यात धर्म सोडल्याचं लिहून द्यावं लागत नाही. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कचेरीत लागते, तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार. विधी हवा तो करा, पण एक गोष्ट चुकवता येत नाही: दोघांनी एकमेकांना, सगळ्यांसमोर, आपल्याला कळेल अशा भाषेत म्हणायचं की मी तुला स्वीकारतो, स्वीकारते. मी हे कलम वाचलं तेव्हा मला आल्हाट आणि राधा आठवले.

बुधवारी ते एक पान मी वडिलांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मामांना कोण सांगणार, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी सांगतो. शुक्रवारी सांगितलं. मामा अजून बोलत नाहीयेत. पण काल त्यांनी आईला फोन करून बट्टीसाठी गोवऱ्या कुठून आणणार हे विचारलं म्हणे.

नोटीस सोमवारी देतोय.