मानसशास्त्राचा पहिला धडा आणि सेवाग्राम



महाविद्यालयात मानसशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याला आरंभीच जर्मनीतील लाइपझिग भेटते. तेथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली प्रयोगशाळा स्थापली. मग अवधान, स्मरण, प्रेरणा, अध्ययन ही प्रकरणे येतात. हे परक्यांचे शास्त्र, आपल्याला परीक्षेपुरते, असा समज सहज होतो. तो दूर करणारा इतिहास आपल्या विदर्भातच घडला आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. ख्वाजा गुलामुस सैयदैन, विनोबा भावे, काका कालेलकर हे सदस्यांत होते. शिक्षणाच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग का असावा, याची कारणे समितीने त्याच वर्षी दिलेल्या अहवालात मांडली. त्यांत सामाजिक व आर्थिक कारणांबरोबर मानसशास्त्रीय कारणही होते. निव्वळ पुस्तकी शिक्षणाच्या जाचातून मूल सुटावे, त्याचे हात आणि बुद्धी एकत्र चालावीत, हा त्याचा आशय.

टकळीचेच उदाहरण घ्या. सूत तुटले की चूक मुलाला तत्काळ कळते. नीट निघाले की उत्साह वाढतो. समाधान देणारी कृती मनात दृढ होते, हा थॉर्नडाइकचा नियम याहून वेगळा काय सांगतो? सूत मोजताना गणित येते, कापसाची चौकशी करताना भूगोल.

१९३८ साली हिंदुस्थानी तालिमी संघ स्थापन झाला. झाकिरसाहेब त्याचे अध्यक्ष झाले आणि सेवाग्राम (तेव्हाचे शेगाव) हे त्याचे केंद्र बनले. मुस्लिम लीगने या योजनेला कडाडून विरोध केला; तीत धार्मिक शिक्षणाला स्थान नाही, हा एक मोठा आक्षेप होता. टीका सोसूनही झाकिरसाहेब काम करीत राहिले. योजनेच्या आर्थिक बाजूपायी शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका आहे, हा इशारा त्यांच्या समितीनेच देऊन ठेवला होता. १९६७ साली ते राष्ट्रपती झाले.

पालकहो, गुणपत्रिका पाहून मुलाला 'ढ' म्हणण्यापूर्वी एवढे विचारा: याला समजले नाही, की याला करूनच पाहू दिले नाही? आणि विद्यार्थी मित्रहो, मानसशास्त्राचे पुस्तक उघडाल तेव्हा त्यातील नियम आपल्या घरातील धाकट्या भावंडांच्या अभ्यासाशी ताडून पाहा. पाठ केलेले परीक्षेनंतर विसरते. पडताळून पाहिलेले जन्मभर सोबत करते.